पाण्याचं प्रकरण

निपाणी, ११ मार्च १९३८

श्रीपादराव,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष वगैरे काही घालत नाही. घातलं तरी तुम्ही खोडणार, "मजकूर उशिरा सुरू होतो" म्हणून. तेव्हा घ्या, झाला सुरू.

काल मोटारीवरच्या रवळूनं तुमचं पुडकं आणून दिलं. दवाखान्यातून येऊन मी पायसुद्धा धुतले नाहीत, आधी दोरी सोडली. सहावं प्रकरण आहे, आठवं आहे, आणि आठव्याच्या डोक्यावर तांबड्या शाईनं सातचा आकडा घातलाय. मग माझं सातवं गेलं कुठं? पुठ्ठ्याच्या मागं तुमची चिठ्ठी सापडली: "पाण्याचे प्रकरण या आवृत्तीत घेऊ नये असे माझे मत आहे. कारणे समक्ष सांगेन."

समक्ष कशाला? मागच्या महिन्यात तुमच्या ओसरीवर ती कारणं ऐकूनच मी चहा तसाच टाकून उठले होते. तुमचं म्हणणं, मी वडीलधाऱ्या बायकांना शिव्या दिल्यात. "यशोदाबाई, पाणी ज्यांच्या हातात आहे त्यांनाच तुम्ही यमदूत म्हणता. मग पाणी देणार कोण?" हेच ना तुमचं वाक्य?

देतील की! लाज वाटली म्हणजे देतील. तुम्ही ओसरीवर बसून पुस्तकं सुधारता, मी बाळंतिणीच्या खाटेशी उभी असते. बाळंतिणीला सात दिवस पाण्याचा थेंब दाखवायचा नाही, पाणी बाधतं, वात होतो, ही रीत इथं घराघरात आहे. तुमच्यात आहे, आमच्या कंग्राळीच्या शेतकऱ्यांत आहे, वखारीत तंबाखू झाडणाऱ्या बायकांत आहे. बाजेखाली शेगडी, कानात कापूस, खायला सुंठ आणि तिखट, आणि बाहेर उन्हाळा. सदलग्याची एक पोर न्हाणीत नेली तर बाळाला धुतलेलं पाणी ओंजळीनं प्याली. दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर गेली. सासू म्हणाली, बघा, पाण्यानंच गेली. तिला यमदूत म्हणू नको तर काय आईसाहेब म्हणू?

तुम्ही कुणाच्या छापखान्याचे नोकर नाही. बेळगावात अनंतशयन गल्लीतल्या आपल्या घरी बसून वकिलांची कायद्याची, मास्तरांची भूगोलाची, वैद्यांची काढ्याची पुस्तकं तपासून देता. माझं हे बाळंतपणाचं पुस्तक हातात घेतलंत तेव्हा म्हणालात, "खाटेशी बसून बोलता तसं लिहा, भाषण नको." त्याचा उपकार मी विसरले नाही. पहिली सहा प्रकरणं तुम्ही माणसात आणलीत. मग सातव्यालाच का कापरं भरलं तुम्हाला?

मी सांगते का. छापखान्यासाठी सगळी प्रत तुमच्या वसुधानं लिहून काढली, वळणदार अक्षरात. तीच पोर आता दिवस भरत आले म्हणून माहेरी आलीय. तिला आई नाही. बाळंतपण करणार तुमच्या थोरल्या बहीण, रुक्माक्का. त्यांनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं, आणि त्यांच्यापुढं तुम्ही ब्र काढत नाही. घरात छापून आलेलं पुस्तक आक्का कुणाकडून तरी वाचून घेतील, ही तुम्हाला धास्ती.

तर ऐका. सातवं प्रकरण होतं तिथं, होतं तसं छापायचं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर पुस्तक परत घेईन आणि तुमचा उंबरा पुन्हा चढणार नाही.

यशोदाबाई कंग्राळकर


निपाणी, २७ मार्च १९३८

श्रीपादराव,

तुमचं पत्र नाही. नुसती पुस्तकाची पानं, आणि वर एक ओळ: "यापुढे पत्रव्यवहार पुस्तकापुरता, समासातच करावा." समासात म्हणजे तुम्ही तांबड्या शाईनं विचारायचं आणि मी शेजारी काळ्या शाईनं उत्तर द्यायचं, नेहमीसारखं. बाकी रामराम नाही, खुशाली नाही. बरं आहे. रुसायचा मक्ता बायकांचाच असतो असं मला वाटत होतं.

उत्तरं लिहून पानं सोबत पाठवलीत. "स्वच्छ धडपे म्हणजे नेमके कसे?" जुन्या लुगड्याचे तुकडे, उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलेले. "नाळ कापण्याची घाई करू नये, तर काय करावे?" नाळेतली धडधड थांबेपर्यंत हात बांधून बसावं. तुमचे प्रश्न बरोबर असतात, त्याचाच राग येतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. रवळूचं आणि माझं बोलणं होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो सर्व्हिस मोटारीवर डायवर, रोज बेळगाव-निपाणी करतो, आणि त्याची बहीण राजाबाई तुमच्याकडं कामाला. वसुधानं राजाबाईला सांगितलं, तिनं रवळूला, आणि त्यानं काल मोटार थांबवून मला.

वसुधानं म्हणे धीर करून आक्कांजवळ विषय काढला. आत्या, बाळंतिणीला पाणी चालतं, यशोदाबाईंच्या पुस्तकात आहे, म्हणाली. आक्का चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हातानं लिहिलेलं मी धरत नाही. छापलंय का? छापलं असंल तर मी ऐकीन." पोथी छापलेली, पंचांग छापलेलं, तेव्हा छापलेलं ते खरं, असा त्यांचा सरळ हिशेब. मग त्यांनी तुम्हाला हाक मारली आणि विचारलं, आहे का रे श्रीपाद पुस्तकात.

आणि तुम्ही "नाही" म्हणालात.

खोटं नाही बोललात, ते खरंच. तुमच्याच हातानं काढलंत आणि तुम्हीच साक्ष दिलीत. रवळू सांगतो, वसुधा उठून आत गेली. श्रीपादराव, तिनं ते प्रकरण स्वतःच्या हातानं लिहिलंय. पाणी तोडलं तर दूध कसं आटतं, डोळे कसे खोल जातात, ताप कसा चढतो, तिला पाठ आहे. आता ते सगळं तिच्या अंगावर व्हायचंय आणि तिला एकेक ओळ आठवणार. ह्याचा विचार केलात का कधी? मला तर रवळूचं बोलणं ऐकल्यापासून घास गोड लागत नाही.

आक्कांना सांगा, पुस्तकात आहे. अजून छापायचंय म्हणावं, पण आहे. एवढं तरी सांगा.

यशोदा


निपाणी, ९ एप्रिल १९३८

श्रीपादराव,

रवळूनं सकाळी बातमी दिली. परवा पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. दवाखान्यातल्या सगळ्यांना मी साखर वाटली. स्वयंपाकीणबाई म्हणाली, तुमच्या नात्यातली का हो? मी व्हय म्हणाले.

आता भांडण बाजूला ठेवते. हात जोडते हवं तर, माझे हात सहसा जुळत नाहीत. परवापासून धरलं तर तिला पाण्याशिवाय तिसरा दिवस चालू झाला. ऊन किती पडलंय! इथं दवाखान्याच्या पत्र्याखाली धडधाकट माणसाचा जीव कासावीस होतो, आणि ती पोर बंद खोलीत शेगडीवर आहे. मला यायचं होतं. पण डॉक्टर चिकोडीकडं पटकीची टोचणी करायला गेलेत, मी एकटीच आहे, आणि आत एक बाई अडलीय. तिला टाकून आले तर वसुधाच मला विचारील.

तुम्हाला बाळंतिणीच्या खोलीत जाता येत नाही, हे मला कळतं. सोयर आहे. आक्का स्वतः सोवळ्यात, त्याही आत पाऊल टाकत नसणार, दारात पाट मांडून हुकूम देत असणार, आणि आत राजाबाई करत असणार. पण तुम्हाला तोंड आहे की नाही? दारातून बोला. तुम्ही तिचे वडील. वकिलांच्या पुस्तकातली चूक दाखवताना घाबरत नाही, जज्जांचा मजकूर खोडता, आणि घरात मात्र तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही.

उत्तर पाठवा. समासात लिहा, तांबड्या शाईनं लिहा, कसंही लिहा.

यशोदा


निपाणी, ११ एप्रिल १९३८, दुपार

हे पत्र टपालात टाकत नाही, रवळूच्या हाती देतेय. तो मोटार चालू ठेवून दारात उभा आहे.

श्रीपादराव, त्यानं मला सगळं सांगितलं. वसुधाचे ओठ फुटलेत. दूध उतरत होतं ते थांबलं, पोरगी रडून रडून दमली. काल अंग तापलं. राजाबाईला बघवेना, तिनं पदराआड वाटी लपवून चमचाभर पाणी पाजलं, ते आक्कांनी पाहिलं. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, तांब्या-भांडं तेवढं खोलीतून बाहेर काढायला लावलं. वसुधा आता काही मागत नाही. ते सगळ्यात वाईट. मागणारी बाई वाचते, मागायची थांबली की मी डॉक्टरांना हाक मारते. तहानेचा ताप पुढं काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही माझ्या अक्षरात वाचलंय.

डॉक्टर उद्या येतील. ते आले की मी निघते, मग मला नोकरीवरून काढोत. पण उद्यापर्यंत काय? तुम्हाला सांगून सांगून माझी जीभ झिजली. तुमचं आक्कांपुढं चालत नाही, ठीक आहे, नका बोलू. पण आक्कांनीच वाट दाखवलीय ना? छापलं असेल तर ऐकीन म्हणाल्यात. मग छापा!

पुस्तक मरू दे. ते एक प्रकरण छापा. वसुधाच्या हातची प्रत तुमच्या कपाटात आहे. छापखान्यात जाऊन खिळे जुळवणाऱ्यांच्या पाया पडा, एवढं पान आधी लावा म्हणावं. नुसतं कच्चं प्रूफ निघालं तरी चालेल, शाई ओली असली तरी चालेल. सुधारत बसू नका. तुमची सवय मला ठाऊक आहे, एका शब्दापायी तास घालवाल. आहे तसं छापा, एक अक्षर बदलू नका. छापून आक्कांच्या हातात द्या.

मी देवाधर्माची बाई नाही. पण आज खिळल्यासारखी एका जागी बसून आहे, हात चालत नाहीत. ती अडलेली बाई सुटली, पोरगा झाला, तिला मी दोन तांबे पाणी पाजलं आणि ती पीत असताना मला रडू आवरेना. ती घाबरली. म्हणाली, बाई, माझं काही वाईट झालंय का?

छापा हो. पाया पडते.

य.


निपाणी, १२ एप्रिल १९३८, सकाळ

रवळूनं प्रूफ आणून दिलं. छापलंत तुम्ही! आणि कानामात्रा न बदलता. तुमच्या हातून असा मजकूर आजवर कधी सुटला नसेल.

समासात तुमची तांबडी शाई आहे. "पाणी किती? कसे? कोणी द्यावे?" मी आधी रागानं बघितलं, म्हटलं ह्या माणसाला आत्ताही प्रश्न सुचतात. मग अक्षर बघितलं. तुमची रेघ कधी हलत नाही, ही हललीय. हा पुस्तकाचा प्रश्न नाही हे कळायला मला तेवढा वेळ लागला, माफ करा. म्हणजे अजून दिलेलं नाही.

उत्तर: उकळून कोमट केलेलं. चमचा चमचा, थांबून थांबून, दिवसभर. कोणीही द्यावं! राजाबाईनं द्यावं, रस्त्यावरच्या माणसानं द्यावं, पण आत्ता द्यावं.

हा कागद रवळूच्या हाती पुढं पाठवतेय. डॉक्टर दुपारच्या आत येतील, आले की मी दुसरी मोटार धरते.


निपाणी, २२ एप्रिल १९३८

श्रीपादराव,

वसुधाचं कार्ड आलं. दूध परत आलं, पोरगी भूक लागली की गल्ली डोक्यावर घेते, आणि बारसं पुढं ढकललंय, त्याला यायचंच असं तिनं दटावलंय. दोन ओळी जरा तिरक्या गेल्यात, पुढं तिचं वळण सरळ आहे. मी ते कार्ड स्वयंपाकीणबाईलाही दाखवलं.

तुम्हाला मात्र मला एक गोष्ट सांगायचीय. त्या दिवशी तुम्ही ओसरीवर होतात. आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. आक्का सांगणार नाहीत, वसुधा तर नाहीच.

मी आले तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात आणि बोटानं आत दाखवलंत. आक्का खोलीच्या दारात पाटावर बसल्या होत्या, ओलं सोवळं अंगावरच वाळलेलं, हातात प्रूफाची दुसरी प्रत. कागद उलटा धरला होता. मला म्हणाल्या, "श्रीपादनं पहिली ओळ वाचायला घेतली आणि थांबला. मग नुसतं म्हणाला, पाणी द्यावं असं लिहिलंय. मी त्याला वाढवलंय, काहीतरी गिळलं त्यानं. तू लिहिलंस ना हे? मग तूच वाच. छापलंय तसं वाच, पदरचं घालू नको." माझ्या उत्तराचा कागद रवळूनं सकाळीच आणला होता, तोही त्यांच्यापाशी पडला होता. हातानं लिहिलेला, तेव्हा त्याला किंमत नाही.

मी आत डोकावले. वसुधा बाजेवर, डोळे खोल गेलेले, मला ओळखून हसायला गेली तर ओठातून रक्त आलं. मी प्रूफ सरळ केलं. पहिलीच ओळ, माझी, तुम्ही मान राखून छापलेली: "बाळंतिणीला पाणी तोडणाऱ्या म्हाताऱ्या म्हणजे घरात पाळलेले यमदूत होत, आपण खून करीत आहो याचीही त्यांना जाणीव नसते."

समोर आक्का. डोळे सुजलेले, ओठ वसुधासारखेच फुटलेले. ते मला आधी समजेना. मग राजाबाई आतून खुणेनं सांगायला लागली, ह्यांनी पण न्हाय हो, ह्यांनी पण न्हाय. पोरीला देत नाही तर मी कशी पिऊ म्हणून आक्कांनी ते सगळे दिवस स्वतःही पाणी सोडलं होतं. तुम्हाला माहीत होतं हे? तुमच्याच घरात चाललं होतं.

मग माझ्यानं ती ओळ वाचवेना. तुमच्यानं तरी कशी वाचवली असती! मला वेळ नव्हता. कागदावर नजर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली, ठणठणीत आवाजात, बोट ओळीवरून फिरवत. वाचलं ते असं:

"बाळंतीण म्हणजे घराची ठेव. घरातली जी मोठी बाई, जिनं सगळ्यांची दुखणी काढली, तिच्या हवाली ही ठेव केलेली असते. पाणी गार असेल, कच्चं असेल, तर बाधतं, हे मोठी बाई म्हणते ते खरं आहे. म्हणून पाणी खळखळा उकळावं, त्यात बाळंतशेप टाकावी, कोमट करावं. आणि ते तिनंच आपल्या हातानं पाजावं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचं बाळंतीण भीत भीत पिते, ते अंगी लागत नाही."

ह्यातलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं. वसुधाला सातवं प्रकरण तोंडपाठ. ती आतून ऐकत होती. मी कसलं वाचतेय हे तिला पहिल्या शब्दालाच कळलं असणार, पण तिनं डोळे मिटून घेतले आणि पडून राहिली.

आक्कांनी विचारलं, "असं छापलंय?"

मी म्हटलं, "व्हय आक्का, असंच."

त्यांनी एकदा कागदाकडं बघितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला कळवावं की नाही, ह्यावर मी दहा दिवस डोकं फोडून घेतलं. कळवते, कारण जिची ती गोष्ट, ती तुमचीही आई होती. त्या म्हणाल्या, "श्रीपादच्या वेळी आईनं पाणी मागितलं. सगळ्या झोपलेल्या. मी लहान, मला काय कळतंय, आडाचं गार पाणी नेऊन दिलं. पोटभर प्याली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी गेली. मी कुणाला सांगितलं न्हाय. आईला मी मारली."

तुम्हाला मांडीवर घेऊन त्यांनी हे मनात ठेवलं, श्रीपादराव. आणि मी त्यांना खुनी म्हणून छापून घ्यायला निघाले होते, जिला जाणीव नाही अशी खुनी. मी त्यांच्या पाटापाशी खाली बसले. म्हटलं, आक्का, बाळंतिणीला नेणारा ताप पाण्यानं येत नाही, तो अस्वच्छ हातानं, मळक्या धडप्यानं येतो, आणि पाण्यानं काही व्हायचं असतं तर मी इतक्या बायकांना पाजते, त्या सगळ्या गेल्या असत्या. तुम्ही आईला तहानलेली जाऊ दिली नाही, एवढंच तुमच्या हातून झालं.

पटलं की नाही ते देव जाणे. पण त्या उठल्या. स्वतः चुलीपाशी गेल्या, पाणी उकळलं, शेप टाकली, वाटीत ओतून फुंकून फुंकून कोमट केलं. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "तू न्हाय. काय छापलंय?" आणि सोवळ्यातल्या त्या बाईनं तो उंबरा ओलांडला, बाजेवर बसल्या, वसुधाचं डोकं मांडीवर घेतलं. पहिला चमचा गळ्यावरच सांडला. दुसरा चमचा गेला. वसुधानं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला, सोडेचना. अर्धी वाटी झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, तू पण पी." तेव्हा त्या प्याल्या. राजाबाई भिंतीकडं तोंड करून रडत होती आणि मी शेगडी बाहेर काढायच्या निमित्तानं खोलीतून पळाले. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं धूर डोळ्यांत गेला.

आता कामाचं. तुमचं म्हणणं बरोबर होतं. हे मी एकदाच लिहिणार, पुन्हा विचारू नका. मी वर लिहून दिलंय तेच सातव्या प्रकरणाच्या आरंभी घाला. भाषा घरगुती वाटली तर वाटू दे, त्यावर लाल शाई चालवलीत तर मी बेळगावला येऊन शाईची दौतच फोडीन. म्हाताऱ्यांवरच्या माझ्या सगळ्या ओळी खोडा. तुमच्या समासातल्या प्रश्नाचं मी रागात दिलेलं उत्तरही खोडा. कोणी द्यावे? आक्कांनी.

आणि हे काम आजच्या आज करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा आक्का देव्हाऱ्यासमोर होत्या. ते प्रूफ त्यांनी चार घड्या घालून अन्नपूर्णेच्या मूर्तीखाली ठेवलंय, रोज पूजा करणार म्हणाल्या. बारशाला घर भरेल. शिकलेल्या लेकीसुना येतील, कुणीतरी कौतुकानं उघडून मोठ्यानं वाचील. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते? ती पहिली ओळ त्या बाईच्या कानावर पडता कामा नये. पाणी पाजून वाचवलेली पोर एका घरात, आणि त्याच घरात आक्का संपतील.

तेव्हा नवं पान लगेच छापून घ्या, तसाच कागद, तेवढाच आकार. आक्का दुपारी आडव्या होतात तेव्हा जुनं काढा, नवं तशाच चार घड्या घालून ठेवा. जुनं चुलीत घाला, तुमच्या हातानं. फक्त एक सांभाळा. घडी घालण्याआधी आक्कांनी पानाला हळदकुंकू वाहिलं, मी शेजारीच उभी होते. बोट नेमकं पहिल्या ओळीवर टेकलं, "यमदूत" ह्या शब्दावर. नव्या पानावर तेवढं हळदकुंकू त्याच जागी लावा. तिथं आता "मोठी बाई" येईल.

यशोदा